फुकटचा कार्यक्रम

आमच्या चौघांच्या गटात मी व्हायोला वाजवायचे. बाकी दोन व्हायोलिन आणि एक चेलो. आम्ही वाजवायचो ते अगदी अलीकडे लिहिलेलं, प्रयोग म्हणून रचलेलं संगीत. त्यात गुणगुणता येईल अशी चाल नसते. गज तारेवर खरवडायचा, लाकडावर बोटं आपटायची, मध्येच बराच वेळ गप्प बसायचं. पुण्यात ते ऐकायला मोजकी माणसं येत, तीही बहुतेक एकमेकांच्या ओळखीची.

गट चालवणारा आमचा चेलोवाला एकदा म्हणाला, "तुझ्या गावात करू या. मोफत. ज्यांनी असलं काही कधी ऐकलंच नाही त्यांच्यासाठी."

मी हरखले. निमगाव साव्यात घरोघर जाऊन आमंत्रणं केली. कांदाकाढणी चालू होती, तरी संध्याकाळी देवळाचा सभामंडप भरला. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं ती माझी चुलती ठेवणीतली साडी नेसून सगळ्यांत पुढे बसली.

पहिली रचना संपली. टाळ्या वाजल्या नाहीत. काकीनं तिथूनच विचारलं, "लावून झाली का वाद्यं? मग करा की आता सुरू."

मागे कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "काकी, हेच आहे ते."

ती ओशाळली. "बरं बरं. वाजवा. आमी ऐकतो." हळूहळू माणसं उठून गेली, पण ती शेवटपर्यंत मांडी न मोडता बसून राहिली. नंतर आम्हा सगळ्यांना तिनं पिठलं-भाकरी करून वाढली. चेलोवाल्याच्या बोटांवरचे घट्टे बघून म्हणाली, "लई कष्टाचं काम हाय हे."

त्या संध्याकाळी चेलोवाल्यानं बरोबर आणलेला एक जण व्हिडिओ काढत होता. मला वाटलं, आमच्या वादनाचा असेल.

उन्हाळ्यात पुण्यातल्या एका मोठ्या सभागृहात आमचा कार्यक्रम होता. त्याआधी पडद्यावर तो व्हिडिओ दाखवला. वादन त्यात नावालाच. जांभया देणारी माणसं, चपला शोधत निघालेली माणसं, आणि काकीचं ते "करा की आता सुरू", खाली इंग्रजी भाषांतराच्या ओळीसकट. सभागृह खदखदून हसलं. मी पडद्यामागे व्हायोला घेऊन उभी होते.

"ते काढून टाक," मी चेलोवाल्याला म्हटलं.

"अगं, प्रेमानं दाखवलंय. लोकांना ती किती आवडली बघ."

"तिला विचारलंस?"

"कार्यक्रम फुकट होता ना? मग कुणाचं काय गेलं?"

मी गट सोडला. व्हिडिओ निघाला नाही. तो फिरत फिरत गावातल्या फोनांवर पोचला. मी काकीला फोन केला तेव्हा तिनं तो बघितलेला होता.

"मला समजलं न्हाई म्हणून इचारलं व्हतं," ती म्हणाली. "इचारायचं नसतं व्हय तिथं?"

तिनं मग शेजारच्या लग्नाचं सांगायला घेतलं.

दिवाळीत घरी गेले. तिनं सगळं केलं, उटणं, फराळ, सगळं. दुपारी मी रियाजासाठी व्हायोला काढला, तशी ती हातातली भाजी घेऊन उठली.

"बस की काकी."

"नको. माझ्या तोंडून परत काय तरी निघायचं."

बाहेर जाताना तिनं दार ओढून घेतलं.