सगळंच शोभेचं

वारज्याच्या घरी रंगकाम निघालं, म्हणून मी पेठेतल्या एका ‘जुन्या पुण्याच्या’ हॉटेलात राहिलो. हौस माझीच. जुनेपणा इतका अस्सल, की खोलीत प्लगसुद्धा नाही. मोबाइल खाली काउंटरवर चार्जिंगला. सकाळी निघालो तर दाराची पितळी कडी अडकली, काही केल्या हलेना. डायलचा काळा फोन उचलला, तर त्याला वायरच नव्हती. घंटेची दोरी ओढली, ती हातातच आली.

शेवटी खिडकीचे गज धरून ओरडलो, “अहो, मी अडकलोय! दार उघडा कुणीतरी!”

खाली हेरिटेज वॉकचा घोळका थांबला. सगळ्यांचे मोबाइल वर झाले.

“काका, पुन्हा एकदा ओरडा ना,” एक बाई म्हणाल्या, “व्हिडिओ राहिला.”

दुसरा इलाज नव्हता. मी पुन्हा ओरडलो.

टाळ्या पडल्या.