श्वासाच्या खुणा

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा पहिला विचार मनात आला, आता ते स्कॅन कोण देणार? हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

वडील छावणीतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या हातचं म्हणून आमच्याकडे एवढंच उरलं होतं: छापील नोटेशनच्या कागदांवर पेन्सिलीनं केलेल्या बारीक खुणा. कुठं श्वास घ्यायचा, कुठं सूर धरून ठेवायचा. दिगंबर माझा शाळेपासूनचा मित्र, वाळूजच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन, हौसेनं व्हायोलिन वाजवणारा. ‘‘कागद झडायला लागलेत यार. दे इकडं. कॉम्प्युटरवर चढवतो. मग पाहिजे तसं बदल, छाप, ऐक,’’ म्हणाला. त्या उन्हाळ्यात हर्सूलच्या तलावाचा तळ दिसत होता. टँकरची वाट बघत तो एकेक पान स्कॅन करी. शाईचा ठिपका मशीननं सूर म्हणून वाचला, की हसत दुरुस्त करी.

दिवाळीला कागद परत आले. छापील सूर तेवढे, बाकी कोरे करकरीत.

‘‘पेन्सिलीच्या खुणा?’’

‘‘खोडल्या. गिचमीड दिसली की मशीन भलतेच सूर लिहितं.’’ मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, ‘‘अरे, खोडायच्या आधी स्कॅन मारलेत की. येडा समजला का मला? देतो.’’

देतो म्हणत वर्षं गेली. त्याच्या घरामागची शेतं प्लॉटिंगमध्ये गेली, तिथं तीन मजली इमारती आल्या. मी रविवारी जाई. चहा होई, व्हायोलिन होई... आणि ‘‘पुढच्या रविवारी नक्की.’’ आई विचारायची, तिला मी सांगायचो, बाबांचं अक्षर सुरक्षित आहे. त्या भरवशावरच ती गेली.

तेराव्यानंतर दिगंबरच्या बायकोनं, वहिनींनी, त्याचा कॉम्प्युटर उघडून दिला. फोल्डर नीट लावलेले होते. प्रत्येक पान स्वच्छ.

‘‘खोडायच्या आधीचे स्कॅन नव्हतेच भाऊजी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुम्ही येणार म्हटलं की सकाळपासून यांना घास जात नसे. मला म्हणाले होते, तू बोलू नको.’’

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. चहा त्याच आणून देत होत्या.

टेबलावर त्याचं खोडरबर होतं, एका कडेनं काळं पडलेलं. ते बाजूला सारून वहिनींनी एक फाइल लावली. ‘‘हे मात्र रोज ऐकायचे.’’

मशीननं वाजवलेला क्लॅरिनेटचा सूर सुरू झाला, एकही चूक नसलेला. बाबा पहिला श्वास कुठं घेत, ते मला पाठ आहे. ती जागा आली. सूर न थांबता पुढं गेला.