धुराच्या फायलीत न लिहिलेलं

नगरपंचायतीतल्या बाबूकडे दोन फायली असतात. एक कपाटात, एक डोक्यात. कपाटातलीला वाळवी लागते, डोक्यातली मात्र फुगतच जाते! माझ्याकडे स्वच्छता विभाग आहे. गेल्या हिवाळ्यात त्यात 'धूर' नावाचा नवीन विषय घुसला. बैठकीचं इतिवृत्त मीच लिहायचो. "साधकबाधक चर्चा झाली" एवढ्या तीन शब्दांत दोन तासांची भांडणं कोंबायची म्हणजे काय गंमत आहे का राजेहो? जे कोंबलं जात नाही ते पोटात राहतं, अन् मग तुमच्यासारखे चार लोक चहाला भेटले की बाहेर पडतं. आता ऐकाच.

आमचं गाव गडचिरोलीच्या रस्त्यावर आहे, तीन बाजूंनी जंगल. हिवाळा लागला की घराघरातून धूर निघतो अन् तो गावावरच बसून राहतो. भोयरांच्या सुलोचनाबाईंची छाती त्या धुरानं पार गेली होती. चाळीस वर्षं चुलीपुढं बसलेली बाई. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "अजून एक हिवाळा असा काढला, तर ह्यांना इथं ठेवू नका." पुण्याचा मुलगा आईला न्यायला तयारच होता. अन् बाई म्हणे, "मी इथीच मरीन, पन पुन्याले जानार नाई. तिथी मले कोन ओळखते?"

तिचे यजमान वामनभाऊ, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहिला. त्यात एकच ओळ होती : "माझ्या बायकोले गावात राहू द्या."

मी पंचवीस वर्षं अर्ज वाचतोय. असा नव्हता वाचला.

*

ठराव झाला. दाट वस्तीत शेकोटी नाही, पालापाचोळा अन् टायर जाळायचे नाहीत, चूल चालेल पण ओलं लाकूड नको. आता हा पाळणार कोण? माझ्या नोटिशीत लोक फुटाणे बांधतात, हे मुख्याधिकारी साहेबांना पक्कं माहीत! म्हणून त्यांनी पोलीस ठाण्याशी बोलून एक वेगळंच ठरवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी बीटच्या हवालदार गेडाम मॅडम लोकांमध्ये बसतील, लोकांचं ऐकतील, अन् नियम कसा राबवायचा ते लोकांच्या सूचनांवरून ठरेल. एक शुक्रवार विहारात, एक शुक्रवार मारुतीच्या ओट्यावर.

पहिल्या शुक्रवारी विहार खचाखच भरलं. मी खूश! पण धुरावर बोलायला एकही जण उठेना. एकाला डीजेचा त्रास, एकाला नालीचा, एकाला मोकाट सांडाचा. एक म्हातारबा तर उभेच राहिले, "मॅडम, धुराचं राहू द्या जी. माही म्हैस तीन दिवसांपासून नाई दिसली!"

मी पेन बंद केलं. मॅडमनी वही उघडली. रंग कोणता, शिंग कसं, शेवटी कुठी दिसली, सगळं लिहून घेतलं. अन् दुसऱ्या दिवशी मोटरसायकलवर तीन गावं पालथी घातली.

पुढच्या शुक्रवारी मारुतीच्या ओट्यावर मॅडम उभ्या राहिल्या अन् म्हणाल्या, "म्हैस सापडली. आता धुराचं बोलू."

अन् लोक बोलले ना! रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी कोणी उठेना.

*

आता पहिली नोटीस कोणाला गेली, सांगा बरं?

सकाळी सकाळी मॅडम अन् मी फिरत होतो. एका अंगणातून हा असा पांढराफट्ट धूर! फाटक उघडून आत गेलो, तर सुलोचनाबाई! पदर नाकाला लावलाय, खोकताहेत, अन् चुलीवर आंघोळीचं पाणी तापवताहेत. चुलीत ओली सुबाभूळ. घरात गॅस आहे, गिझर आहे, मुलानं पुण्याहून पाठवलाय.

"काकू, हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"त्या गिझरच्या पान्यानं आंग धुतल्यासारखं वाटतच नाई बाई!"

माझा हात थांबला. अर्ज ज्यांचा, नोटीसही त्यांनाच? पण मॅडम म्हणाल्या, "लिहा बाबू. इथून सुरुवात नाही केली तर दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडानं जायचं?"

वामनभाऊ शरमेनं अर्धे झाले. बाईंनी मात्र नोटीस हातात घेतली, चष्मा लावून वाचली अन् म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुमचं. हे भिताडाले लावून ठेवीन. कोन्ही म्हनाले नको का भोयरांच्या बाईले सूट देली."

खरंच लावली! बाहेरच्या भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. त्या एका कागदानं जेवढं काम केलं तेवढं माझ्या उरलेल्या नोटिशींनी मिळून केलं नाही.

*

ओलं लाकूड ओळखायचं कसं, हा मोठाच घोळ होता. नियमात लिहून मोकळे झालो, पण लाकूड काही बोलून दाखवत नाही. मग नागपूरहून एक तरुण अधिकारी मशीन घेऊन आले. लाकडात दोन सुया टोचायच्या की आकडा येतो.

मॅडमनी त्या बैठकीला आत्राम आजींना मुद्दाम बोलावलं होतं. आजी जंगलातून मोळी आणून विकतात. वयाचं विचाराल तर "झाले असतील" म्हणतात. अधिकाऱ्यांनी एका लाकडाला सुया टोचल्या अन् जाहीर केलं, "कोरडं आहे."

आजींनी तेच लाकूड उचललं, दुसऱ्यावर आपटलं, कान देऊन ऐकलं. "ओलं हाय."

"आजी, मशीन सांगते ना!"

आजींनी कुऱ्हाड मागितली. एका घावात लाकूड उभं फाडलं, आतली बाजू गालाला लावली अन् मग साहेबांच्या गालाला लावली! साहेब दचकले. पण पोरगा प्रामाणिक हो. आतल्या बाजूला सुया टोचल्या, आकडा बघितला अन् टोपी काढली. "आजी बरोबर आहेत. वरून वाळलंय, आत ओलंच आहे."

मग वही काढून आजींनाच विचारू लागले, "आजी, तुमच्या अंदाजानं किती टक्के ओलं असेल?"

"टक्के-फक्के मले नाई समजत बापू. चुलीत घातलं तं सासू रडते, एवढं ओलं हाय!"

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मी डोळ्यानं पाहिलं.

*

गावाची शेवटची ओळ जंगलाला लागून आहे. तिथं शेकोटी थंडीसाठी नसतेच, वाघासाठी असते. तिथले सिडाम काका भर बैठकीत उभे राहिले, "वाघ आला तं त्याले काय तुमचा ठराव वाचून दाखवू?"

सगळे हसले. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, "काका बरोबर बोलून राह्यले. आधी उजेड, मग नियम." अन् चार दिवस रोज संध्याकाळी त्या स्वतः त्या ओळीत जाऊन बसल्या, किती अंधार असतो ते बघायला. पाचव्या दिवशी वीज कार्यालयात जाऊन बसल्या. वर्दीतली बाई सकाळपासून समोर शांत बसून आहे म्हटल्यावर साहेब लोकांना चहा गोड लागेना. आठवड्यात खांबांवर दिवे लागले!

त्याच्या पुढच्या शुक्रवारी सिडाम काका पुन्हा हजर, चेहरा उतरलेला.

"आता काय झालं काका? दिवे लागले ना?"

"लागले न जी! अन् तो दिसून राह्यला आता! आधी येत असन, पन दिसत तं नोता. निवांत झोप लागे!"

वनखात्याच्या लोकांनी येऊन घरामागची झुडपं साफ केली तेव्हा कुठे काकांची झोप परत आली. शेकोटी मात्र त्यांनी दिवे लागले त्याच दिवशी बंद केली होती. शब्द म्हणजे शब्द.

*

एक किस्सा माझ्या फजितीचाही सांगतो, नाहीतर म्हणाल बाबू स्वतःला वाचवतो.

एका सकाळी मॅडमचा फोन. "बाबू, बाजारचौकात पाला पेटलाय. ताबडतोब या." मी तावातावानं गेलो. जाळणारे कोण? आमचेच सफाई कामगार! झाडायचं, ढीग करायचा अन् काडी लावायची, वर्षानुवर्षांची सवय.

"नोटीस काढा," मॅडम म्हणाल्या.

"कोणाच्या नावानं?"

"स्वच्छता विभाग, नगरपंचायत."

म्हणजे मीच! नोटीस मी लिहिली, आवक रजिस्टरमध्ये मी घेतली, खुलासा मी दिला, "सदर बाब पुन्हा घडणार नाही," अन् खुलासा समाधानकारक असल्याचा शेराही मीच मारला. माझ्या नोकरीतलं सगळ्यात लवकर निकाली निघालेलं प्रकरण ते!

पण खरं सांगू? त्या दिवसापासून पाला खड्ड्यात जातो. आता त्याच्या खताला लोक नंबर लावतात.

*

हे सगळं झालं, पण सुलोचनाबाईंच्या भिंतीला लागून बंडूभाऊ चौधरींची शेकोटी होती. ती काही विझेना. रोज पहाटे पेटायची. गल्लीतले सात-आठ जण हात शेकत बसायचे, गावचं राजकारण तिथंच ठरायचं. अन् त्यात टायरचा तुकडा असायचाच. वामनभाऊंशी बंडूभाऊंची एका नालीवरून बोलचाल बंद होती, त्यालाही वर्षं झाली होती.

मॅडम तीनदा बोलल्या. बंडूभाऊंचं एकच, "शेकोटी माह्या बापानं लावली. धूर त्यायच्या घराकडं जाते, थे का माही चूक हाय? हवाच तशी हाय!"

मी म्हणालो, "मॅडम, आता सरळ गुन्हा दाखल करा."

त्या म्हणाल्या, "गुन्ह्यानं शेकोटी विझते बाबू, शेजार नाही जुळत." मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

डिसेंबरात थंडी वाढली अन् बाईंचा दमा उसळला. दोन दिवस दवाखान्यात काढून घरी आल्या. पुण्याचा मुलगा गाडी घेऊनच आला. बॅग भरली, पहाटे निघायचं ठरलं, दुपारच्या आत नागपूर गाठायचं होतं. मॅडम निरोप द्यायला गेल्या, मीही गेलो. गल्लीत शेकोटी पेटलेली होती.

बाई बाहेर आल्या. चार पावलं चालल्या की थांबायच्या. गाडीचं दार उघडलं. मग वळल्या अन् त्या धुरातून शेकोटीपाशी गेल्या. आम्हाला वाटलं, आता होतो शिमगा! बाई बंडूभाऊंना म्हणाल्या, "बंडू, माह्या तुळशीले पानी टाकत जाजो. ह्यायले काही आठवत नाई."

एवढंच. अन् खोकला आला, मग बोलताच येईना.

बंडूभाऊ उठले. घरात गेले. बादली घेऊन आले अन् शेकोटीवर ओतली. पुन्हा गेले, दुसरी बादली आणली. मग मुलाला म्हणाले, "गाडी बंद कर बे. आठ दिवस पाय. मंग ने."

मुलगा आठ दिवस राहिला. बाईंचा श्वास हळूहळू सुरळीत झाला. नवव्या दिवशी तो एकटाच परत गेला, डोळे पुसत. मीही थोडे पुसले, अन् त्याचं बिल थंडीवर फाडलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी कुठेच लिहिलेला नाही.

जानेवारीत आमच्याकडे नवीन ठाणेदार साहेब आले. तरुण, कडक, बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांच्या कानावर आलं होतं की गेडाम मॅडम शुक्रवारी लोकांशी गप्पा मारतात अन् गुन्हे दाखलच करत नाहीत. म्हणून एका सकाळी ते कोणाला न सांगता स्वतःच पाहणीला निघाले. जाताना मला उचललं, मॅडमलाही सोबत घेतलं. धुकं एवढं की पुढचा माणूस दिसेना.

चौधरींच्या गल्लीत वळलो अन् साहेबांनी करकचून ब्रेक मारला. जीपच्या उजेडात समोर सात-आठ जण गोल करून उकिडवे बसलेले. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, हात पुढं केलेले, तळवे खाली. साहेब मॅडमकडे बघून म्हणाले, "हे तुमचं काम? भर वस्तीत शेकोटी?" अन् तरातरा चालत गेले. "विझवा! आधी ती विझवा!"

कोणी हललं नाही.

साहेब गोलात डोकावले. मध्ये काहीच नव्हतं. सारवलेली जमीन होती. धूर नाही, विस्तव नाही, राखसुद्धा नाही. अन् बंडूभाऊंच्या शेजारी पाटावर सुलोचनाबाई बसलेल्या. गेल्या पाच हिवाळ्यांत त्यांना या गोलात कोणी पाहिलं नव्हतं. त्यांचेही हात पुढं.

साहेबांनी विचारलं, "तुम्ही... हे काय करताय?"

"शेकून राह्यलो साहेब," बंडूभाऊ म्हणाले.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी टोपी काढून काखेत धरली अन् जाऊन वामनभाऊंच्या बाजूला बसल्या, हात पुढं केले. मीही बसलो. साहेब एकटेच उभे. मग त्यांनी हातमोजे काढले.

सुलोचनाबाई पाट घेऊन जराशा बाजूला झाल्या अन् बंडूभाऊंना म्हणाल्या, "सरक न रे जरासा. साहेबाले आच लागू दे."