आमच्या दवाखान्यातली औषधाची खिडकी

दवाखान्यातली चार जुनी माणसं एकत्र बसली की आजारपणाचं कोणी बोलत नाही, किस्सेच निघतात! मेहकर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी सव्वीस वर्षं औषधाच्या खिडकीत बसलो. हुद्दा फार्मासिस्टचा, पण गावासाठी मी 'कंपाउंडरभाऊ'. रिटायर झाल्यावर गोळ्यांची नावं विसरत चाललोय. माणसं मात्र जात नाहीत डोक्यातून.

*

पुण्याहून एक तरुण डॉक्टर आले. पहिल्याच दिवशी एक म्हातारा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डोकं दुखून राह्यलं."

डॉक्टर खूश! "राहिलं ना? छान! मग आलात कशाला?"

"राह्यलं म्हणून तं आलो!"

"अहो, दुखायचं राहिलं तर औषध कशाचं देऊ?"

म्हातारा माझ्या खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, "कंपाउंडरभाऊ, पह्यले डॉक्टरले काहीतरी द्या."

मग मी आत जाऊन डॉक्टरांना समजावलं, की आमच्याकडे 'दुखून राह्यलं' म्हणजे आत्ता दुखतंय. सहा महिन्यांनी तेच डॉक्टर फोनवर आईला सांगत होते, "अगं, जेवून राह्यलो!" आणि लगेच कपाळावर हात मारून, "नाही गं, उपाशी नाही!"

*

आमच्या वानखडे सिस्टर गरोदर बायकांचं दर महिन्याला वजन घ्यायच्या. तपासणी नेमकी बाजाराच्या दिवशी. एकदा काटा बघून सिस्टरांना इतका आनंद झाला की त्या ओरडल्याच, "शाब्बास! चार किलो वाढली!"

बाईनं खांद्यावरची पिशवी सावरली. "चार नाही सिस्टर, चांगले पाच किलो हायेत. कांदे!"

*

पोलिओच्या डोसच्या वेळची गोष्ट. एका आजीनं नात लपवून ठेवली. "पोरगी मामाच्या गावाले गेली," म्हणाली.

सिस्टर दारातच बसल्या. कसलाही वाद नाही. नुसतं मोठ्यानं म्हणाल्या, "बरं झालं. बिस्किटाचा पुडा एकच उरला होता."

कोपऱ्यातल्या कणगीतून बारीक आवाज आला, "कोंता?"

आजीच आधी हसली. मग तिनंच नातीला बाहेर काढलं आणि मांडीवर घेऊन तोंड उघडून धरलं.

*

एका काकांना मी गोळ्या दिल्या. "दिवसातून तीन वेळा, जेवण झाल्यावर."

चौथ्या दिवशी काकू खिडकीत हजर! "भाऊ, ह्या गोळ्या बदला."

"काऊन? गुण नाही आला?"

"गुण कायचा! आमी जेवतो दोन खेपा. गोळीसाठी हे तिसऱ्या खेपेले ताट मांगून राह्यले. आता सैपाक करता करता मलेच गोळी लागन!"

*

आणि एक नामदेव आबा. बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला यायचे, सोबत जनाआजी. आबांना अजिबात ऐकू येत नसे. मी खिडकीतून पुकारायचो, "नामदेव पुंजाजी इंगळे!" रांग हसायची, रस्त्यावरची माणसं वळून बघायची, आबा आपले कडुलिंबाकडे बघत बसलेले. शेवटी आजीच हात वर करून ओरडायची, "हाव, आले! आले!" आणि आबांच्या दंडाला धरून त्यांना उठवायची. कितीतरी वर्षं हेच चाललं.

त्या उन्हाळ्यात आबा गेले. मी मातीला जाऊन आलो.

पुढच्या महिन्यात बघतो तर आजी रांगेत उभी. हातात आबांचं कार्ड. मला वाटलं, आजीच्या ध्यानात राहिलं नाही. नंबर आला तेव्हा मी आवाज खाली करून म्हणालो, "आजी, आबा तं..."

"मले मालूम हाय बाबू. गोळ्या नोको मले."

"मग?"

तिनं कार्ड खिडकीतून आत सरकवलं. "घरी त्यायचं नाव कोनी घेत नाही. मी रडीन म्हणून पोरं घाबरतात. तू एक खेप पुकार नं. नेहमीसारखं."

मागे रांग होती. कोणी घाई केली नाही. आजी जाऊन बाकावर बसली, बाजूची जागा मोकळी सोडून.

मी कार्ड समोर धरलं आणि होता तेवढा आवाज काढला, "नामदेव पुंजाजी इंगळे!"

"हाव, आले!" आजी म्हणाली. "आले!"