जवाची आंबील

अमेरिकेतल्या डब्लिनच्या ईशान देशकरने आयुष्यात एकच गोष्ट हौसेने स्वतःच्या हातांनी केली, ती म्हणजे बीअर. बाकी सगळं लॅपटॉपवर. बादली कपाटात आंबत ठेवली, आणि नेमकी नागपूरहून आई आली. बारा वर्षांपूर्वी त्याला अमेरिकेला पाठवताना मालिनीबाईंनी एकच शपथ घातली होती, दारूला शिवायचं नाही.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं.

"हे काय फसफसतंय रे?"

"जवाची आंबील आहे, आई. इथे हेल्दी म्हणून पितात."

जव तेवढे खरे होते. त्यांच्या जिवावर उरलेलं खोटं पचलं आणि गडी निर्धास्त झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्यात, आणि त्यांच्या पानात आंबील लागतेच, हे विदर्भातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. या शहाण्याला मात्र कळलं नाही.

पूजेच्या दिवशी हाफ डे घेऊन तो घरी आला. मुखवट्यांपुढे पुरणपोळी, सोळा भाज्या आणि चांदीच्या वाटीत त्याची बीअर. नैवेद्य दाखवूनही झाला होता. ईशानचे डोळेच पांढरे झाले. नैवेद्याची चव सोडा, वासही घ्यायचा नसतो, म्हणून आईने बिचारीने तोंड फिरवून वाढलं होतं.

"घे, तुझ्याच हातची आहे," म्हणत तिने वाटी पुढे केली. प्रसादाला नाही कसं म्हणणार? त्याने घोट घेतला. कडसर, खरपूस, अगदी मनात होती तशी जमली होती. पण कौतुक करायचीही सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग मालिनीबाईंनी दुसरी वाटी तोंडाला लावली आणि घोट तोंडातच धरला. त्यांनी तो घोट गिळला, मग प्रसाद टाकू नये म्हणून उरलेलीही संपवली.

"तुझ्या बाबांच्या तोंडाला हाच वास यायचा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"बाबा प्यायचे?" त्याने विचारलं. ते जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"रोज. खोकल्याचं औषध आहे म्हणून तुला मीच सांगायची." त्यांनी पदराने ओठ पुसले. "त्यांनी मला पुष्कळ फसवलं, ईशान. पण देवीच्या पानात कधी वाढायला नाही लावली."