धोतरावरची मापं

निंबर्ग्यात नागव्वाच्या वाकळीला नावं ठेवील अशी बाई अजून जन्मायची आहे. चाळीस वर्षांत एकदा घातलेला टाका तिनं कधी उसवला नाही. ही गोष्ट गाव कमी सांगतं, ती स्वतःच जास्त सांगते, आणि ऐकून घ्यायला सून घरातच आहे.

सून श्रीदेवी लोकरीचं विणते. गेल्या दोन हिवाळ्यांत पोरीनं जेवढं विणलं त्याच्या दुप्पट उसवलं. गळा तंग झाला, उसव. बाही आखूड झाली, उसव. नागव्वाला ते बघवत नसे. "आगं, देवानं हात दिलेत का कोंबडीचे पाय? सारखं उकरायलीस!" श्रीदेवी हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून टाके घ्यायची.

यंदा मात्र अंगणवाडीच्या बाईंनी अठरा पोरांचे स्वेटर तिलाच सांगितले. पहिलंच मोठं काम, उद्यापासून सुया लावायच्या होत्या. नागव्वानं तोंडानं कौतुक केलं नाही, ते तिच्या स्वभावात नाही. पण कडाक्याच्या थंडीत भल्या पहाटे उठून तिनं शेंगापोळ्या लाटायला घेतल्या. दाण्याचं कूट, गूळ, वर खसखस, आणि तव्यावर खुसखुशीत होईतो शेकायच्या. त्या कुणापायी, हे घरात सगळ्यांना कळलं.

दुपारी अंगणात ऊन आलं तशी ती पाय पसरून वाकळीवर बसली. वाकळ शेजारच्या सोजराबाईची, ती आजच न्यायला येणार होती. कडेपासून टाक्यांच्या रांगा घालत आत यायचं आणि शेवटी मधोमध तळहाताएवढी जागा ठेवायची. तिथं गोडाचा तुकडा घालून मग तोंड शिवायचं. वाकळीचं पोट भरलेलं असलं की पांघरणारा उपाशी राहत नाही, असं नागव्वाच्या आईनं सांगितलेलं. तेवढंच राहिलं होतं. तिनं पोळीचा तुकडा मोडला.

इतक्यात आत पेटी ओढल्याचा आवाज आला. मग डबे वाजले. मग परत पेटी.

"काय हुडकायलीस गं?"

"धोतर, आत्या." श्रीदेवी दारात आली, तिचा चेहरा उतरला होता. "मामांचं जुनं धोतर. निळ्या शाईचं. बाजंखाली ठेवलं होतं."

नागव्वाचा हात थांबला. शाईनं बरबटलेलं ते धोतर तिला चांगलं आठवत होतं. गल्लीतल्या पोरांनी रेघोट्या मारून वाटोळं केलं, असं म्हणत तिनंच ते वाकळीच्या तिसऱ्या थराला घातलं होतं.

"कामून लागतंय ते?"

"माझी सगळी मापं त्याच्यावर हायत. किती वर्साच्या पोराला किती टाके, बाही कुठं कमी करायची, सगळं. वही शेळीनं खाल्ली म्हणून धोतरावर लिवली. दोन वर्सं उसवून उसवून काढलेली मापं हायत. न्हाई घावली तर बाईंना काय सांगू?"

खोटं कशाला सांगायचं, नागव्वाच्या मनात आलं की गप बसावं. तोंड शिवलं की संपलं. सोजराबाई वाकळ घेऊन जाईल, आणि धोतरही शेळीनंच खाल्लं म्हणता येईल. शेळीचं नाव तसंही खराब झालंच होतं.

पण समोर सून रडकुंडीला आलेली. ही पोरगी दोन हिवाळे उकरत नव्हती, शिकत होती, आणि आपण तिला कोंबडी म्हणत होतो! नागव्वाला स्वतःचाच असा राग आला की तिची कानशिलं तापली.

तिनं पोळीचा तुकडा श्रीदेवीच्या हातात कोंबला. "खा आधी. आन् ब्लेड आण. धोतर हितं हाय, ह्या वाकळीत. मीच शिवलंय."

श्रीदेवी ब्लेड घेऊन समोर बसली. "आत्या, तुमी उसवणार?"

"मग काय बघत बसू? तुला सवय हाय, कुठनं सुरू करायचं ते सांग."

दोघी भिडल्या. चार दिवसांच्या रांगा एकेक करून सुटत गेल्या. एक कोपरा मोकळा झाला आणि निळी अक्षरं दिसली. सुईची भोकं पडली होती, पण वाचता येत होती. श्रीदेवी बोट ठेवून पुटपुटत वाचायला लागली.

तेवढ्यात सोजराबाई आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! अक्का, आज तू उसवायलीस? सूर्य कुठनं उगवला म्हणायचा?" तिच्या आवाजानं समोरच्या दोन घरांतल्या बायकाही बाहेर आल्या.

श्रीदेवी घाईनं उठली. "माझ्यामुळं झालं, मावशी. मीच चुकून धोतर..."

"गप गं!" नागव्वानं पदर कमरेला खोवला, उभी राहिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिचं काय बी चुकलं न्हाई. मला वाचायला येत न्हाई, म्हणून तिची दोन वर्साची मेहनत मी चिंधी समजून शिवली. चूक माझी हाय. वाकळ चार दिवसांनी घेऊन जा, सोजरे."

मग ती खाली बसली आणि पुढची रांग उसवायला घेतली.