समोरबाईंचा वर्ग

आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंना सगळे समोरबाई म्हणतात. तोंडावर नाही अर्थात, पाठीमागे. वर्ष सुरू झालं की पहिल्या तासाला त्या हजेरी घेत नाहीत, पुस्तक उघडत नाहीत. खडू ठेवतात आणि सांगतात, "माझ्या वर्गात बोलायचं असेल तर उठायचं, समोर यायचं, माझ्याकडे बघायचं आणि तोंड उघडून बोलायचं. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं असेल तर घरी जाऊन उशीशी बोला." चुकीचं इंग्रजी चालतं. एका वेळी दोघांनी बोललेलं चालत नाही. कुणी चुकला म्हणून हसलेलं तर अजिबात नाही. जो हसेल त्याची पाळी उद्या.

पाळी म्हणजे बातमीची. रोज तास सुरू झाला की एकाने समोर उभं राहून घरची एक बातमी इंग्रजीत सांगायची. बातमी ताजी हवी. वर्गाला आधीच ठाऊक असलेलं काही सांगितलं तर सगळी पोरं एका सुरात "ओल्ड न्यूज" म्हणतात, आणि सांगणाऱ्याला दुसरी शोधावी लागते. इंग्रजी शिकवायची ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे म्हणून मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "पुस्तकातलं वाक्य पोरं विसरतात. स्वतःच्या घरचं भांडण कुणी विसरत नाही."

मी गणिताचा शिक्षक. माझा वर्ग त्यांच्या वर्गाला लागून. भिंतीला कान असतात म्हणतात, पण आमच्या मधे भिंतच नाही, नुसत्या लाकडी फळ्या आहेत. तिकडचं इंग्रजी इकडे येतं आणि इकडचं गणित तिकडे जातं. त्यातून माझी लेक त्याच वर्गात. एके दिवशी मी फळ्यावर समीकरण मांडत होतो आणि फळ्यांपलीकडून माझ्या लेकीचा खणखणीत आवाज आला. ती सांगत होती, की माझ्या वडिलांनी काल स्वयंपाकघरातला नळ स्वतः दुरुस्त केला, आता प्लंबर म्हणतो की नळासकट पाइपही बदलावा लागेल. तिकडे कुणी हसलं नाही, नियमच तसा. इकडे माझा अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. आमच्याकडे तो नियम नव्हता.

ही सवय पोरांच्या अंगात इतकी भिनली की ती कुठेही ओळखू यायची. बँकेत, दुकानात, दवाखान्यात एखादं पोर सरळ समोर जाऊन, नजरेला नजर देऊन, एकेक शब्द सुटा बोलायला लागलं की माणसं विचारायची, "इंग्रजीच्या बाईंच्या वर्गातला का रे तू?" माझी लेक घरी जेवताना मीठ हवं असलं तरी उठून आईच्या समोर जाऊन मागायची. तिची आई म्हणायची, "अगं, मी मंत्री आहे का? बसून माग." पण ऐकेल तर शपथ.

एवढं सगळं कौतुक व्हायचं, आणि त्यामागचं कारण फक्त मला माहीत होतं. निदान मी तसं समजत होतो. कारण असं, की बाईंना ऐकू येत नव्हतं.

मला ते कळलं शिक्षकांच्या खोलीत. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. मी मागून म्हणालो, चहा आलाय. उत्तर नाही. पुन्हा म्हणालो. तरी नाही. मला वाटलं रुसल्या. म्हणून जरा चिडूनच म्हणालो, की माझा काही अपराध? तेवढ्यात त्या वळल्या आणि माझा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं. "कळलं ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग आता मूग गिळून बसा."

बरीच वर्षं त्या ओठ वाचून वर्ग चालवत होत्या. कानाचं यंत्र होतं, पण ते घरी कपाटात. वर्गात लावलं की बाकांची करकर आणि पायांची खरखर आधी ऐकू यायची, पोरं नंतर. आणि खरं सांगायचं तर, पोरं हसतील याची त्यांना भीती होती. त्याहून मोठी भीती ग्रंथालयाची. आमच्या भूगोलाच्या सरांची नजर अधू झाली तेव्हा त्यांना 'जरा विश्रांती' म्हणून ग्रंथालयात बसवलं, ते कायमचंच. बाई म्हणाल्या, "पुस्तकं उलटून बोलत नाहीत हो. मला उलटून बोलणारं कुणीतरी लागतं. वर्ग गेला तर मी करू काय?" मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांना शब्द दिला.

तेव्हापासून मी त्यांचा कान झालो. घंटा झाली की त्यांच्या दारासमोरून उगाच जायचं, मुख्याध्यापक येताना दिसले की हात हलवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ आपणच झाकून ठेवलीय याचा मला बराच अभिमान होता, हेही सांगून टाकतो.

मग तपासणी आली. तपासायला आलेल्या साहेबांच्या मिशा वरच्या ओठावरून खाली उतरून थेट खालच्या ओठाची चौकशी करत होत्या. या मिशीआडून ओठ दिसणार कसे? साहेब समोरबाईंच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मी माझ्या पोरांना गणितं घालून दिली आणि फळ्यांच्या फटीला डोळा लावला. शिक्षकाला हे शोभत नाही, पण त्या दिवशी शोभेचा प्रश्न नव्हता.

बाई फळ्यावर लिहीत होत्या. पाठ वर्गाकडे. साहेब बसल्या जागेवरून, मिशीतल्या मिशीत म्हणाले, "मॅडम, हा धडा तुम्ही कोणत्या पद्धतीने शिकवता?" बाई लिहीत राहिल्या. साहेबांनी पुन्हा विचारलं. खडू चालूच. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मी दाराकडे धावणार इतक्यात वर्गातली एक घोगऱ्या आवाजाची मुलगी उठली. तिला सगळे बेडकी म्हणतात आणि तिची त्याला ना नाही. ती समोर आली, बाईंना दिसेल अशी उभी राहिली आणि म्हणाली, "माफ करा सर. आमच्या वर्गात बसून बोलत नाहीत. समोर यायचं, उभं राहायचं, मॅडमकडे बघायचं. हा नियम सगळ्यांना आहे."

साहेब बघतच राहिले. बाई वळल्या. साहेब आधी रागावले, मग संकोचले, आणि शेवटी उठून मुकाट्याने समोर आले. त्यांनी प्रश्न विचारला. मागच्या बाकावरून आवाज आला, "लाउडर, सर." त्यांनी आवाज चढवला. "मिशी, सर," दुसरं कुणीतरी अगदी नम्रपणे म्हणालं. आणि त्या माणसाने दोन बोटांनी मिशा बाजूला सारून, तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करत प्रश्न विचारला. बाईंनी हसून उत्तर दिलं, आणि त्यांना शाबासकीही दिली.

जाताना साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले, की इतकं स्वच्छ मी माझ्या लग्नातही बोललो नव्हतो, ही शिस्त सगळ्या शाळेत लावा. मुख्याध्यापकांनी लगेच तसा हुकूम काढला. शिक्षक कुरकुरले. मी मात्र निर्धास्त झालो, संकट टळलं म्हणून.

बाई निर्धास्त झाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "लोक माझ्या अडचणीला माझी हुशारी म्हणायला लागले. इतके दिवस मी लपवत होते, ते एक वेळ ठीक. आता फसवल्यासारखं होतंय." मी म्हणालो, "बाई, चांगलं चाललंय त्यात खोडा कशाला घालता?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बहुधा मुद्दामच, ऐकू न आल्यासारखं केलं. तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या आणि सगळं सांगून आल्या.

आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले, पण निर्णय म्हटला की तो दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालता येईल हे आधी बघणार. ते म्हणाले, "उद्या पालक माझ्या उरावर बसतील. तुम्ही मुलांना सांगा. वर्ग नीट चालतो असं मुलं म्हणाली तर प्रश्न मिटला. एकाने जरी तक्रार केली, तर मात्र ग्रंथालय."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुस्तकही नव्हतं. मुख्याध्यापक दाराबाहेर उभे होते. मी पुन्हा फटीशी. माझी पोरंही गणितं सोडून कान टवकारून बसली होती, आणि मी त्यांना ओरडलो नाही. बाई आपल्या जागेवरून निघून पोरं जिथे उभी राहतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या. "आज बातमी मी सांगणार," त्या म्हणाल्या. मग साध्या इंग्रजीत, सावकाश, त्यांनी सांगितलं, की मला नीट ऐकू येत नाही, बऱ्याच वर्षांपासून येत नाही. त्यांचे हात एकमेकांत घट्ट धरलेले होते.

मग सगळी पोरं एका सुरात, तोंड उघडून, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाली, "ओल्ड न्यूज, मॅडम."

बाईंनी ते ओठांवरून वाचलं. एकदा वाचून विश्वास बसला नसावा, कारण त्या शेवटच्या बाकापर्यंत एकेक चेहरा बघत गेल्या. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हसूही लागल्या. बेडकी उठली, समोर आली आणि म्हणाली, "मॅडम, दुसरी सांगावी लागेल." म्हणून बाईंनी दुसरी सांगितली, की मला ग्रंथालयात पाठवायचं की नाही हे तुमच्यावर आहे. ही मात्र ताजी होती. सगळा वर्ग एकदम उठून बोलायला लागला, आणि बाईंना पुन्हा सांगावं लागलं, एकेकाने. एकेकाने म्हणता म्हणता अख्खा तास गेला. तक्रार एकच आली, की बाई गृहपाठ फार देतात. ती मुख्याध्यापकांनी धरली नाही. ते आत येऊन म्हणाले, "वर्ग तुमचाच. पण ते यंत्र लावत जा." बाई म्हणाल्या, "लावते. तुम्ही बाकांच्या पायांना रबर लावून द्या." त्यांनी दिलंही, महिन्याभरात.

त्या संध्याकाळी मी लेकीला गाठलं. तुम्हाला कधीपासून माहीत होतं म्हणून विचारलं. ती म्हणाली, "आठवीत आल्या आल्या. वरच्या वर्गातल्या ताया येऊन सांगतात. बाईंशी कसं बोलायचं, घंटा झाली की कुणी आधी उठायचं, म्हणजे त्यांना दिसतं. त्यांनाही त्यांच्या वरच्यांनी सांगितलेलं. आम्हीही यंदाच्या आठवीला सांगितलं. आणि पहिली अट, बाईंना कळू द्यायचं नाही."

म्हणजे मी दारासमोरून फेऱ्या मारत होतो तेव्हा पोरं माझी करमणूक बघत होती.

"अगं पण मला तरी सांगायचंस," मी म्हणालो. "मी तुझा बाप. शिवाय मला सगळं आधीच ठाऊक होतं."

लेक उठली, माझ्या समोर येऊन उभी राहिली, आणि नजरेला नजर देऊन म्हणाली, "बाबा, दुसरी अट तुमच्यासाठीच आहे. गणिताच्या सरांना सांगायचं नाही, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही."